चर्चच्या आवारातला महावृक्ष

प्रश्न : मुलाकडे इंग्लंडला गेले असताना एका खेडेगावातील चर्चच्या आवारात, थडग्यांच्या रांगेमागे, रेडवुडची दोन अवाढव्य झाडे पाहिली. तांबूस साल अंगठ्याने दाबली तर काथ्याच्या गादीसारखी आत गेली. तिथले लोक त्यांना ‘वेलिंग्टोनिया’ म्हणत होते. ही झाडे हजार-दोन हजार वर्षांची असतील का? खाली पडलेला एक शंकू मी आठवण म्हणून आणला आहे. त्यातील बी आमच्या वाड्याजवळच्या चर्चच्या पटांगणात रुजेल का?
– एक वाचक भगिनी, साखळी

उत्तर : आपण पाहिलेली झाडे १८५३ सालापूर्वीची असू शकत नाहीत. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वताच्या पश्चिम उतारावर वाढणाऱ्या या महावृक्षाचे, म्हणजे जायंट सिक्वोयाचे, बी ब्रिटनमध्ये पोहोचले ते त्याच वर्षी. विल्यम लॉब या वनस्पतिसंग्राहकाने एक्झीटरच्या व्हीच रोपवाटिकेसाठी आणलेल्या बियांची रोपे पुढे जमीनदारांनी हौसेने घेतली आणि आपल्या वाड्यांच्या वाटांवर, तसेच गावच्या चर्चच्या आवारांत लावली. दीडशे-पावणेदोनशे वर्षांतच ती एवढी होतात, कारण हा वृक्ष वेगाने वाढतो. खरोखर हजारो वर्षांची झाडे पाहायची तर कॅलिफोर्नियातच जावे लागेल. तिथला ‘जनरल शर्मन’ सुमारे ८४ मीटर उंच असून त्याचे वय दोन हजार वर्षांहून अधिक मानले जाते.

नावाची गोष्ट मराठी वाचकाला विशेष वाटावी अशी आहे. जॉन लिंडली या वनस्पतिशास्त्रज्ञाने आदल्या वर्षी निवर्तलेल्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या स्मरणार्थ हे नाव दिले, आणि हा ड्यूक म्हणजे १८०३ मध्ये असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्लीच. ते नाव आधीच दुसऱ्या एका वनस्पतीला दिलेले असल्याने शास्त्रात टिकले नाही, पण इंग्लंडच्या खेड्यांतून ते आजही ऐकू येते.

आपण दाबून पाहिलेली साल हेच या झाडाचे चिलखत होय. जुन्या झाडावर ती अर्ध्या मीटरहूनही जाड होते आणि तिच्यात राळ फारच थोडी असल्यामुळे ती सहज पेट घेत नाही. या झाडाला वणवा हवाही असतो : झाडावरचे शंकू वर्षानुवर्षे बंद राहतात, खालच्या आगीच्या धगीने सुकून उघडतात, आणि भाताच्या तुसासारखे हलके बी राखेच्या मोकळ्या जमिनीवर पडून रुजते. मात्र सौम्य वणव्यांची सवय असलेल्या या वृक्षांना अलीकडच्या भीषण आगी झेपत नाहीत. २०२० च्या एकाच वणव्यात मूळ वनांतील हजारो मोठे वृक्ष गेले, हे मला फार अस्वस्थ करते.

आता आपल्या शंकूविषयी. घरात ठेवल्यास तो सुकून आपोआप उघडेल, पण त्यातील बी कृपया पेरू नका. परदेशातून बियाणे आणण्यासाठी आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो, आणि तो नियम आपल्याच झाडांना परक्या रोगांपासून वाचवण्यासाठी आहे. शिवाय या वृक्षाला थंड हिवाळा आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन लागते, तेव्हा गोव्याच्या उकाड्यात आणि चार महिन्यांच्या धुवाधार पावसात रोप तगणार नाही. आपल्याकडील अंगणांत ‘क्रिसमस ट्री’ म्हणून मजल्यामजल्याने वाढलेले जे झाड दिसते ते रेडवुड नव्हे, ते दक्षिण पॅसिफिककडचे अरौकेरिया आहे.

त्या पटांगणासाठी ऐन सुचवतो, ज्याला गोव्यात माट्टी म्हणतात आणि जो राज्याचा वृक्षही आहे. सुसरीच्या पाठीसारखी चिरलेली त्याची जाड सालही वणव्यापासून खोडाचे रक्षण करते, आणि तो तीस मीटरपर्यंत वाढू शकतो. रोप वनखात्याच्या रोपवाटिकेत विचारावे आणि पहिल्या पावसानंतर, थडग्यांपासून व भिंतीपासून भरपूर अंतर ठेवून लावावे.