चाकांवरची काळपट भुकटी आणि सायलेन्सरचे काजळलेले तोंड

प्रश्न : मी नुकतीच पहिली गाडी घेतली आहे. दर आठवड्याला धुऊनही पुढच्या दोन्ही अलॉय चाकांवर चार-पाच दिवसांतच काळपट भुकटी जमते. मागची चाके त्या मानाने स्वच्छ राहतात. आता आऱ्यांवर नारिंगी ठिपके दिसू लागले असून ते शाम्पूने निघत नाहीत. गाडीत काही बिघाड आहे का? हे ठिपके कसे काढावेत?

उत्तर : तुम्ही वर्णन केले आहे त्यावरून बिघाड दिसत नाही. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे गाडी थांबवण्याचे बरेचसे काम पुढच्या ब्रेकना करावे लागते आणि झीजही त्यांचीच अधिक होते. ब्रेक पॅड ज्या डिस्कवर घासतात, ती बहुतेक गाड्यांत बिडाची असते. तिचे आणि पॅडमधल्या धातूचे अतिसूक्ष्म कण तापलेल्या अवस्थेत उडून रिमवर बसतात, तिथल्या पारदर्शक लेपात रुततात आणि ओलावा मिळाला की गंजतात. तुम्हाला दिसणारे नारिंगी ठिपके म्हणजे हाच गंज होय. अलॉय चाक ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते आणि त्याला असा तांबूस गंज चढत नाही. म्हणजेच चाक गंजलेले नाही, त्यात रुतलेले लोखंड गंजले आहे, आणि म्हणून जोर लावून घासण्याची येथे काहीच गरज नाही. मात्र समोरच्या दोन चाकांपैकी एकच चाक दुसऱ्यापेक्षा फार काळे पडत असेल, तर त्या बाजूचा ब्रेक अडकून राहतो आहे का, हे मेकॅनिककडून अवश्य तपासून घ्यावे.

शाम्पू माती आणि तेलकटपणा काढतो. लोखंडाच्या कणांवर त्याचा इलाज चालत नाही. त्यासाठी ‘आयर्न रिमूव्हर’ नावाने मिळणारा द्राव वापरावा. त्यातले थायोग्लायकोलेट लोखंडाशी संयोग पावून ते पाण्यात विरघळेल अशा रूपात आणते. फवारा मारल्यावर एखाद-दोन मिनिटांत प्रत्येक ठिपक्याभोवती जांभळट-तांबडा रंग फुटतो आणि त्याचे ओघळ आऱ्यांवरून खाली उतरू लागतात. हा रंग म्हणजे काम सुरू असल्याची खूण आहे. वास गंधकासारखा उग्र येतो, म्हणून काम मोकळ्या हवेत आणि हातमोजे घालूनच करावे.

सुरुवात नेहमी थंड चाकापासून करावी. हात लावला असता रिम गरम वाटत असेल, तर थांबावे, कारण गरम धातूवर कोणताही क्लीनर पाहता पाहता सुकतो आणि त्याचे डाग पडतात. चाक सावलीत ठेवून आधी भरपूर पाण्याने सैल माती काढावी, नाहीतर ब्रश फिरवताना तीच माती पृष्ठभागावर ओरखडे पाडते. मग द्राव फवारून बाटलीवर सांगितलेला वेळ थांबावे, पण तो सुकू देऊ नये. आऱ्यांसाठी मऊ केसांचा ब्रश, रिमच्या आतल्या पन्हळीसाठी लांब दांड्याचा ब्रश आणि नटांच्या खोबणीसाठी लहान ब्रश, एवढी सामग्री नवख्याला पुरते. एका वेळी एकच चाक हातात घ्यावे आणि ते पूर्ण धुऊन झाल्यावरच पुढच्याकडे वळावे. काही ठिपके उरले, तर तीच क्रिया पुन्हा करावी. दोन सौम्य धुण्यांनी जे साधते, ते एका कडक घासणीने साधत नाही. डांबराचे काळे थेंब वेगळे असतात, त्यांना टार रिमूव्हरच लागतो.

शेवटी मायक्रोफायबर कापडाने चाक टिपून घ्यावे आणि गाडी थोडे अंतर चालवून हलकेच काही वेळा ब्रेक दाबावेत. धुतल्यानंतर डिस्कवर गंजाची पुसट तांबूस झाक येते; ती स्वाभाविक असते आणि पहिल्या काही ब्रेकमध्येच निघून जाते.

प्रश्न : गाडी धुताना चाके आधी धुवावीत की शेवटी?

उत्तर : आधी. चाके धुताना उडणारे शिंतोडे गाडीच्या रंगावर येतात आणि नंतर गाडी धुताना तेही निघून जातात. शिवाय चाके शेवटपर्यंत ठेवली, तर पत्र्यावरचे पाणी मधल्या काळात सुकून डाग पडतात. चाकांची बादली, ब्रश आणि कापडे मात्र कायम वेगळी ठेवावीत. ब्रेकच्या भुकटीतले धातूचे कण कापडात अडकून राहतात, आणि तेच कापड बॉनेटवर फिरले की रंगावर बारीक वर्तुळाकार रेघा उमटतात.

प्रश्न : माझ्या चाकांचा दर्शनी भाग चकचकीत कातलेला असून आतला भाग काळा आहे. कडेचा एक टवका उडाला होता, तिथून आता लेपाखाली पांढरट वेड्यावाकड्या रेषा पसरत आहेत. एका परिचितांनी ॲसिडयुक्त क्लीनर सुचवला आहे. तो वापरावा का?

उत्तर : कृपया वापरू नका. तुमची चाके ‘डायमंड कट’ प्रकारची आहेत. त्यांचा दर्शनी भाग यंत्रावर कातून उजळ केलेला असतो आणि त्या उघड्या ॲल्युमिनियमवर केवळ पारदर्शक लॅकरचा थर असतो. टवक्यातून पाणी आत शिरले की लॅकरच्या खालून क्षरण सरकू लागते, आणि त्याच या पांढऱ्या रेषा होत. त्या लेपाच्या खाली असल्याने कोणत्याही क्लीनरने निघणार नाहीत. जुना लॅकर काढून दर्शनी भाग पुन्हा कातणे आणि नवा लॅकर देणे, हाच त्यावर खरा उपाय आहे. प्रत्येक वेळी धातूचा एक पातळ थर कमी होतो, म्हणून हे काम एका चाकावर फार वेळा करता येत नाही. याच कारणाने टवका लहान असतानाच त्यावर लॅकरचा थेंब लावून तो बंद करणे फार मोलाचे ठरते.

ॲसिडविषयी थोडे स्पष्ट लिहितो. काही कडक क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा त्याचे क्षार असतात. हे ॲसिड कातडीतून आत उतरते, दुखणे कधी कधी बऱ्याच वेळाने जाणवते आणि तोवर इजा खोल गेलेली असते. घरच्या घरी काम करणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कॉस्टिक (दाहक सोडा) असलेले कडक अल्कली क्लीनरही उघड्या ॲल्युमिनियमला खातात आणि त्यावर मळकट पांढरे चट्टे उठवतात. लेप शाबूत असलेल्या चाकाला पीएच-न्यूट्रल, म्हणजे ॲसिडही नाही आणि अल्कलीही नाही असा, क्लीनर पुरेसा असतो.

आपल्या चाकावर लेप आहे की नाही, हे कळत नसेल, तर न दिसणाऱ्या जागी पांढऱ्या कापडावर थोडे मेटल पॉलिश घेऊन हलके चोळावे. कापड काळे पडले, तर धातू उघडा आहे. पांढरेच राहिले, तर वर पारदर्शक लेप आहे. लेप असलेल्या चाकावर मेटल पॉलिश पुढे वापरू नये, आणि मॅट फिनिशच्या चाकाला तर कोणतेच पॉलिश लावू नये, कारण त्याने जागोजागी चकाकी येऊन ते कायमचे ठिगळल्यासारखे दिसते.

प्रश्न : धुतल्यानंतर चाकांना मेण लावावे की सिरॅमिक कोटिंग करावे?

उत्तर : गाडीच्या पत्र्यावर उत्तम टिकणारे मेण चाकावर लवकर दम तोडते. कार्नोबा नावाचे वनस्पतिजन्य मेण सुमारे 82 ते 86 अंश सेल्सिअसला वितळते आणि जोराच्या ब्रेकिंगमध्ये चाकाला भरपूर उष्णता पोहोचते. नवख्याने कृत्रिम पॉलिमरच्या सीलंटपासून, म्हणजे पुसून लावायच्या संरक्षक लेपापासून, सुरुवात करावी, असे मी सुचवेन. ते लावायला सोपे असते, चुकले तर पुसून पुन्हा लावता येते आणि काही महिने साथ देते. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे सुकून कडक होणारा काचेसारखा लेप, अधिक टिकाऊ असते, पण पृष्ठभाग पूर्ण स्वच्छ आणि तेलविरहित नसेल, तर ते आतल्या मळासकट पक्के बसते. ते करायचेच असेल, तर चाक काढून आतूनही लेप देणे उत्तम. मात्र गाडी केवळ जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवावी आणि चाक परत बसवताना नट वाहनाच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या जोरानेच) आवळावेत. कोणताही लेप, मेण किंवा टायर चमकवणारा द्राव डिस्कवर, पॅडवर किंवा टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागावर जाता कामा नये. तो गेला, तर ब्रेक नीट लागत नाहीत आणि टायरची पकड सुटते.

लेपाचा खरा लाभ पुढच्या धुण्याच्या वेळी कळतो. भुकटी वरच्या वर राहते आणि पुष्कळदा साध्या शाम्पूनेच निघते, त्यामुळे आयर्न रिमूव्हरची गरज बरीच कमी पडते.

प्रश्न : सायलेन्सरच्या स्टीलच्या तोंडावर आतून काजळी आणि बाहेरून पिवळट-निळसर छटा आली आहे. सकाळी गाडी सुरू केल्यावर तिथून पाण्याचे थेंबही पडतात. काळजीचे कारण आहे का?

उत्तर : थेंबांची काळजी नको. इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि थंड नळीत तिचे पाणी होते. फार जवळच्या फेऱ्या असतील, तर ते पाणी नळीत साचून राहते आणि आतून गंज धरण्यास हातभार लावते, म्हणून अधूनमधून गाडी लांब अंतरावर न्यावी. कोरडी काळी काजळीही थोडीफार असतेच, आणि थेट इंधन फवारणीच्या पेट्रोल इंजिनांत ती अधिक दिसते. काजळी बोटाला चिकट, तेलकट लागत असेल आणि धूर निळसर असेल, तर इंजिन तेल जाळते आहे असा संशय घ्यावा आणि तपासणी करून घ्यावी.

सफाईसाठी गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी, कारण हे तोंड चाकापेक्षाही वाईट भाजते. पाण्यात मिसळलेला ऑल-पर्पज क्लीनर जुन्या कापडावर घेऊन काजळी मऊ करावी आणि पुसावी. पाण्याचा जोराचा झोत नळीत सोडू नये. त्यानंतर मेटल पॉलिश घेऊन एका वेळी तळहाताएवढा भाग चोळावा. कापड काळे होत जाते आणि खालून चमक वर येते. पिवळट-निळसर छटा म्हणजे उष्णतेने स्टीलवर आलेला ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि तोही याच पॉलिशने निघतो. फारच घट्ट काजळीसाठी 0000 क्रमांकाची, म्हणजे अतिशय बारीक तंतूंची, स्टील वूल हलक्या हाताने चालते, पण तिचे तुटके तंतू मागे राहिले तर तेच गंजतात, म्हणून नंतर नीट धुवावे. क्रोमचा मुलामा किंवा काळा रंग दिलेल्या तोंडावर ती वापरू नये. बाहेरच्या बाजूला उच्च तापमानाचे सीलंट लावावे. आतल्या बाजूला मात्र कोणताही लेप फार काळ तग धरत नाही; तिथे दर धुण्याला एकदा ओले कापड फिरवणे पुरे.