पोस्टफिक्स : भरवशाच्या मशीनला मेल-मर्यादेतून सूट

प्रश्न : आमच्या पोस्टफिक्स (मेल पोचवणारं सॉफ्टवेअर) सर्व्हरवर एका आयपीवरून मिनिटाला ३० मेल अशी मर्यादा आहे. महिनाअखेरीस दुसऱ्या शाखेतलं बिलिंग सॉफ्टवेअर शेकडो बिलं पाठवतं, तेव्हा '४५० टू मच मेल' अशी एरर येते आणि बरीच बिलं जातच नाहीत. लॉगिन पासवर्डनेच होतं. त्या मशीनचा आयपी 'मायनेटवर्क्स'मध्ये (भरवशाच्या आयपींची यादी) टाकायला सांगितलंय. टाकू का?

उत्तर : नको. मर्यादा उठेल, पण सर्वसाधारण सेटिंगमध्ये त्या आयपीला पासवर्डशिवाय कुठेही मेल पाठवायची मुभाही मिळेल. मशीन हॅक होऊन त्यावरून स्पॅम गेला की ब्लॅकलिस्टमध्ये (मेल नाकारण्याच्या यादीत) जाणार तुमचा सर्व्हर.

पासवर्डने इथे फरक पडत नाही, कारण मोजणी आयपीवर होते. सूट देण्यासाठी 'एसएमटीपीडी क्लायंट इव्हेंट लिमिट एक्सेप्शन्स' हे वेगळं पॅरामीटर आहे (सेटिंगच्या फाइलमध्ये अर्थातच इंग्रजीत, शब्दांमध्ये अंडरस्कोअर देऊन). त्याची मूळ किंमत (आपण काही लिहिलं नाही तर धरली जाणारी) '$मायनेटवर्क्स', म्हणजे त्या यादीतले सगळे आयपी. नुसता नवा आयपी लिहिलात तर ही मूळ किंमत पुसली जाते आणि आतापर्यंत मोकळी असलेली ऑफिसातली मशीनं मर्यादेत अडकतात. म्हणून दोन्ही लिहा: '$मायनेटवर्क्स, २०३.०.११३.२५' (आयपी तुमचा घाला). 'पोस्टकॉन्फ -ई' या कमांडने बदलत असाल तर सगळं एकेरी अवतरणात ठेवा, नाहीतर डॉलरचा शब्द शेलच (कमांड वाचणारा प्रोग्राम) गिळतो. मग 'पोस्टफिक्स रीलोड' चालवा.

सूट एकाच आयपीला द्या, अख्ख्या /२४ ला (२५६ आयपींच्या गटाला) नको. ती मेलच्या संख्येपुरती नसते, एकाच वेळच्या कनेक्शनची मर्यादाही (मूळ ५०) तिने उठते.

आणखी एक. ४५० म्हणजे 'थोड्या वेळाने या'. त्यावर मेल टाकून देणारं सॉफ्टवेअरच मुळात सदोष. त्या मशीनवर छोटा पोस्टफिक्स बसवून 'रिलेहोस्ट' (पुढे मेल ज्याच्याकडे सोपवायची तो) तुमचा सर्व्हर ठेवलात, तर अडलेली बिलं रांगेत थांबून पुन्हा जातील.

प्रश्न : सूट दिलेल्यांच्या यादीत आयपीऐवजी होस्टचं नाव टाकलंय, तरी मर्यादा लागतेच. का?

उत्तर : लॉगमध्ये 'कनेक्ट फ्रॉम'पुढे 'अननोन' दिसतंय का बघा. आयपीवरून नाव आणि त्या नावावरून तोच आयपी, असं दोन्हीकडून जुळलं तरच पोस्टफिक्स नाव मानतो. पीटीआर रेकॉर्ड (आयपीवरून नाव सांगणारी डीएनएस नोंद) दुरुस्त होईपर्यंत आयपीच लिहा. आयपीव्ही६ प्रकारचा पत्ता असेल तर तो चौकटी कंसात लिहा. पूर्ण डोमेनखालच्या होस्टना सूट हवी असेल तर नावाआधी टिंब लागतं.