जहाजाची पहिली लाकडी प्रतिकृती कुठली करावी?

पहिल्याच झटक्यात चाळीस तोफांचं इंग्रजी जहाज करायला घेऊ नकोस, दोऱ्यांतच जीव जाईल. गलबत घे. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातलं: उथळ, वल्ह्यांवर चालणारं, डोलकाठ्या दोनच. ते जमलं की मग गुराब, म्हणजे त्याच आरमारातलं मोठं लढाऊ जहाज. तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, लांब आणि पाण्यालगत पुढे गेलेली असते, नि त्यावरून मारा करायला दोन तोफा समोर रोखलेल्या. इंग्रज कान्होजींना चाचे, म्हणजे समुद्री लुटारू म्हणत, पण ते मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते. तेव्हा काळा झेंडा लावायचा मोह आवर! चाचाच हवा असेल तर इंग्रज चाचा हेन्री एव्हरी आहे की. त्यानं १६९५ मध्ये औरंगजेबाचं गंज-ए-सवाई जहाज लुटलं आणि बेड्या पडल्या सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांना.

दोऱ्यासाठी ऑनलाइन पैसे घालवू नकोस. सोलापुरात राहून सूत बाहेरून मागवायचं म्हणजे कमालच. घट्ट पिळाचं बारीक सूत घे, मधमाशांच्या मेणावरून दोनदा ओढ, म्हणजे वरची लव बसते. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या दोरांना डांबर लावत, ते काळपट रंगव. शिडं ओढायचे दोर फिकटच ठेव. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत फळ्या चिकटवू नकोस, लाकूड आखडून सांधे उघडतात.

खलाशांच्या रमचं विचारलंस. ती उसाच्या मळीपासून होते, आणि मळी काय आपल्या जिल्ह्याला नवी नाही. ब्रिटिश नौदलाच्या ॲडमिरल व्हर्ननने १७४० मध्ये खलाशांच्या रममध्ये पाणी घालायला लावलं. दोऱ्यांच्या गाठी मारायच्या दिवशी तू नुसतं पाणीच पी.