दातांवरचे डाग घासून का जात नाहीत?

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीचे समोरचे नवे दात आले तेव्हा खडूसारखे पांढुरके होते, आता त्यांवर तपकिरी पट्टे उमटले आहेत. राखुंडी लावली, मीठ-लिंबू चोळले, दवाखान्यात दात साफही करून घेतले, तरी डाग तसेच आहेत. शाळेत मुले चिडवतात म्हणून ती तोंडावर हात धरून हसते. धाकटा मुलगा दोन वर्षांचा आहे. आम्ही बोअरचे पाणी पितो. काय करावे?
— एक आई, किनवट तालुका, जि. नांदेड

उत्तर : ताई, सर्वप्रथम मुलीला जवळ बसवून सांगा की यात तिची काहीच चूक नाही. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान पक्के करता येत नाही. परंतु आपण केलेले वर्णन आणि आपला परिसर पाहता हे दातांचे फ्लोरोसिस असण्याची शक्यता फार मोठी आहे. जमिनीखालच्या खडकातील फ्लोराइड नावाचा क्षार खोल बोअरच्या पाण्यात उतरतो, आणि दात हिरडीच्या आत घडत असताना, म्हणजे साधारण वयाच्या आठव्या वर्षापर्यंत, असे पाणी पोटात जात राहिले तर दाताचे वरचे कवच नीट पक्के होत नाही. म्हणजे हा डाग बाहेरून बसलेला नसून घडणीतच राहिलेला दोष आहे, आणि म्हणूनच तो घासून निघत नाही. लिंबू मात्र आजच बंद करा, कारण त्याच्या आंबटपणाने आधीच कच्चे असलेले कवच आणखी झिजते. अशा मुलांचे दात पुन्हा पुन्हा साफ करून दिले जातात आणि घरी पाणी कुठले पितात हे कोणी विचारत नाही, याचे आम्हा दंतवैद्यांनाच वाईट वाटले पाहिजे.

आता खरी घाई धाकट्यासाठी करायला हवी. त्याचे कायमचे दात आत्ता घडत आहेत. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते, आणि दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त 1.5 मिलिग्रॅम. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगून आपल्या बोअरचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवा, आणि अहवालातला फ्लोराइडचा आकडा स्वतः वाचा. पाणी उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही; उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. गावात उथळ आड असेल तर त्याचेही पाणी तपासून घ्या. त्यात फ्लोराइड बहुधा कमी असते, आणि तसे निघाले तर ते गाळून, उकळून निदान पिण्याला आणि स्वयंपाकाला वापरा. आरओ यंत्राने फ्लोराइड बरेच कमी होते. लहान मुलांना कोरा चहा देऊ नका, कारण चहाच्या पानातही फ्लोराइड असते. दूध, तीळ, नाचणी, आवळा जेवणात ठेवा. जास्त फ्लोराइडने हाडे-सांधेही आखडतात, म्हणून घरातील वडीलधाऱ्यांची पाठ किंवा गुडघे आखडत असतील तर पाण्याची ही गोष्ट त्यांच्या डॉक्टरांच्याही कानावर घाला.

मुलीचे डाग फिके असतील तर उपचारांची गरजच नसते. गडद असतील तर वरचा पातळ थर विशिष्ट पद्धतीने घासून किंवा दाताच्या रंगाचे सिमेंट बसवून ते झाकता येतात. दातांवर चिकटवायच्या महागड्या पातळ पापुद्र्यांचा (व्हेनीअर) विचार ती मोठी झाल्यावर करावा. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयातही दाखवता येईल.

प्रश्न : वडिलांची वरची दाढ ठणकते आहे, पण ती काढली की डोळे जातात असे सगळे म्हणतात. त्यांना रक्त पातळ करण्याची गोळीही चालू आहे.
— एक वाचक, परभणी

उत्तर : डोळे जात नाहीत. दाढेची नस आणि दृष्टीची नस या पूर्णपणे वेगळ्या आहेत. बहुधा उतारवयात दाढ काढणे आणि नजर कमी होणे एकाच काळात घडते, त्यामुळे हा समज पसरला असावा. धोका आहे तो किडलेली दाढ तशीच ठेवण्यात, कारण तिचा पू गालात आणि त्याही पुढे पसरू शकतो. गोळीचे पाकीट दंतवैद्याला नक्की दाखवा, पण ती आपल्या मनाने बंद करू नका. दाढ काढल्यावर कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा आणि चोवीस तास जोराने चूळ भरायची नाही, थुंकायचे नाही, तंबाखू खायची नाही. रक्ताची गुठळी निघून गेली तर खड्डा उघडा पडतो, आणि तो ठणका आधीच्या दुखण्यापेक्षाही असह्य असतो.