ऑइल मीटरिंग पंप (ओएमपी) काढताय? आधी टाकीत तेल कोण घालणार ते ठरवा

एफसी म्हणजे दुसऱ्या पिढीच्या माझदा आरएक्स-७ मध्ये एफडीचं, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या आरएक्स-७चं, १३बी-आरईडब्ल्यू रोटरी इंजिन टाकतोयस, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्टँडअलोन, म्हणजे कंपनीचा नसून वेगळा बसवलेला आहे, तर ऑइल मीटरिंग पंप काढून तिथलं भोक बंद करणारी ब्लॉक-ऑफ प्लेट लावू का, असं विचारलंयस. लाव, पण आधी हे ठरव की दर वेळी पेट्रोल भरताना टाकीत टू-स्ट्रोक ऑइल घालणार कोण. पंप काढणं दुपारभराचं काम, तेल घालणं मात्र गाडी तुझ्याकडे आहे तोवर.

हा पंप इंजिन ऑइल थोडं थोडं आत सोडतो आणि एपेक्स सील (रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या) त्याच्यावर सरकतात. पंप काढला की ते काम पेट्रोलमधल्या तेलालाच करावं लागतं. ओरिजिनल ईसीयू असता तर हात लावू नकोस म्हटलं असतं, कारण एफडीचा पंप स्टेपर मोटरवर चालतो, प्लग काढला की गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे ईसीयू मुद्दाम ताकद कमी करतो. तुझा स्टँडअलोन तो पंप चालवू शकत असेल आणि पेट्रोल घरातले इतरही भरत असतील, तर सरळ पंप ठेव.

काढायचाच तर इंजिन स्टँडवर असतानाच काढ, एकदा गाडीत बसलं की हात जात नाही. फ्रंट कव्हरवर खाली असतो. आजूबाजूची घाण धुवून घे, खाली ट्रे ठेव, थोडं तेल सांडणारच. जुनं गॅस्केट प्लास्टिकच्या स्क्रेपरनेच खरवड, कव्हर ॲल्युमिनियमचं आहे, स्क्रूड्रायव्हरचा एक ओरखडा गेला की तिथूनच पाझरतं. पंपाला फिरवणारा गिअर आत शाफ्टवर राहतो, राहू दे त्याला. तो काढायच्या नादात पुढच्या पुलीचा मधला मोठा बोल्ट सैल केलास तर आतलं थ्रस्ट बेअरिंग जागेवरून घसरू शकतं, आणि तसंच आवळलं गेलं तर चिरडतं, मग पुढचं सगळं परत खोल. हे कळकळीने सांगतोय.

पंपाचं तेल नळ्यांतून इंजिनमध्ये सोडणाऱ्या नोझलकडे बरेच जण बघतच नाहीत. माझी पहिली एफसी १९८७ची, इथे ऑकलंडला घेतलेली, तिच्या प्लास्टिकच्या नळ्या इतक्या कडक झाल्या होत्या की एक बोटाने जरा बाजूला सारली तर कोरड्या शेवईसारखी कट्‌कन मोडली आणि आतून तेलाचा एक काळा थेंब माझ्या नखावर आला. म्हणजे पंप चालू असूनही तेल कुठे जात होतं देव जाणे. तू नुसत्या नळ्या कापून नोझल तसेच ठेवू नकोस, त्यांना हवेचीही वाट असते. नोझल काढून त्याच आट्यांचे बोल्ट तांब्याच्या वॉशरसकट लाव, लांबी जुन्या नोझलशी ताडून बघ, बोल्ट लांब झाला तर आत टेकतो आणि वॉशर दबतच नाही.

तेलाचं म्हणशील तर मी १२५ला १ ठेवतो, म्हणजे ५० लिटरला ४०० मिली, ट्रॅकवर जायचं असेल तर १००ला १. जेएएसओ एफडी ग्रेडचं घे (हा टू-स्ट्रोक तेलाचा दर्जा, एफडी गाडीशी संबंध नाही). आधी तेल ओत, मग पेट्रोल, म्हणजे भरतानाच ढवळलं जातं. एकदा बायको गाडी घेऊन गेली आणि टाकी फुल करून आली, तेलाचं मी तिला सांगितलंच नव्हतं, ती रात्र मला झोप नव्हती. दुसऱ्या दिवशी पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवली आणि डिक्कीत मापाची बाटली ठेवली, ती आजही तिथेच असते.

आणि पहिल्या स्टार्टआधी टाकीतलं आणि फ्युएल लाइनमधलं जुनं साधं पेट्रोल काढून टाक, नवीन इंजिनला पहिल्या सेकंदापासून मिक्स केलेलंच मिळू दे.