अलीकडे पाहिलेल्या चित्रपटांपैकी कोणते आवडले, कोणता नाही?

तुम्ही विचारलंत की अलीकडे काय पाहिलं, त्यातलं काय आवडलं, काय नाही, आणि 'द झोन ऑफ इंटरेस्ट' लोक म्हणतात तितका कंटाळवाणा आहे का. मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सध्या जे काही पाहतोय ते त्या एका चित्रपटामुळेच. तो संपल्यावर मला असे चित्रपट शोधून पाहावेसे वाटले, ज्यांत मुख्य गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही, ती कानांवर पडते. काही पहिल्यांदाच पाहिले, काही पुन्हा.

तर, कंटाळवाणा आहे का? माझ्या मते अजिबात नाही. पण ज्यांना तसं वाटतं त्यांचा राग येत नाही. नुसत्या चित्राकडे बघत बसलं तर त्यात घडतंच काय? एक जर्मन कुटुंब, मोठं घर, नीटनेटकी बाग, मुलांचं खेळणं, नवऱ्याची बदली आणि त्यावरून बायकोची चिडचिड. घर आउशवित्झ या, नाझींनी ज्यूंची सामूहिक हत्या केली त्या छळछावणीच्या भिंतीला लागून आहे आणि नवरा म्हणजे त्या छावणीचा प्रमुख रुडॉल्फ होस. दिग्दर्शक जोनाथन ग्लेझर एकही हत्या पडद्यावर दाखवत नाही. भिंतीपलीकडून फक्त आवाज येत राहतात. प्रेतं जाळणाऱ्या भट्ट्यांची घरघर, कुत्र्यांचं भुंकणं, ओरडणं, मधूनच गोळी. बागेतल्या बाई फुलांची नावं सांगत असतात आणि त्यांच्या बोलण्याचा वेग जराही बदलत नाही.

चित्रपट सुरू होतो तेव्हा पडदा बराच वेळ काळाच असतो. मायका लेव्हीचं संगीत चालू असतं, दिसत काहीच नाही. मग पक्ष्यांचा आवाज येतो आणि नदीकाठी बसलेलं कुटुंब दिसतं. पुढचे पावणेदोन तास काय करायचं ते दिग्दर्शक तिथेच सांगून टाकतो: ऐका. ज्यांनी तो काळा पडदा 'काहीतरी बिघडलंय' म्हणून पुढे सरकवला, त्यांना बाकीचा चित्रपट सपाट वाटणारच.

ध्वनीचं काम जॉनी बर्न यांचं. छावणीतल्या घटना, साक्षीदारांच्या जबान्या, कोणता आवाज किती अंतरावरून येईल याचा नकाशा, असा सुमारे 600 पानांचा दस्तऐवज त्यांनी आधी तयार केला होता. ही मेहनत ऐकताना जाणवते. प्रत्येक आवाजाला अंतर आहे, दिशा आहे. 2024 साली बर्न आणि टार्न विलर्स यांना या कामासाठी ऑस्कर मिळालं. चित्रीकरणही वेगळंच. घरात एकाच वेळी दहापर्यंत कॅमेरे लावलेले, त्यांच्यामागे माणूस कोणी नाही. नट खोल्यांतून वावरतात, कॅमेरा कुणाच्याही चेहऱ्याजवळ जाऊन 'आता वाईट वाटून घ्या' म्हणत नाही.

दोन प्रसंग सांगतो. होसची बायको हेडविग (झांड्रा ह्यूलर, काय काम केलंय!) छावणीतून आलेला फरचा कोट आरशासमोर घालून बघते. खिशात लिपस्टिक सापडते, ती लावून बघते. कुणाची, हा विचार तिच्या चेहऱ्यावर येतच नाही. दुसरा प्रसंग तिच्या आईचा. आई पाहुणी म्हणून येते, बाग बघून हरखते, आणि आपण पूर्वी जिच्या घरी साफसफाई करायचो ती बाई भिंतीपलीकडे असेल का, असं सहज विचारते. तिच्या घरच्या पडद्यांचा लिलाव झाला तेव्हा ते आपल्या हातून गेले, ही खंतही बोलून दाखवते. मग रात्री खिडकीतून भट्टीचा उजेड खोलीत येतो, आवाज थांबत नाही, आणि सकाळी आई कुणालाही न सांगता निघून गेलेली असते. या बाईला दया आली असं मला वाटत नाही. तिला तो आवाज सहन झाला नाही, इतकंच. त्या घरात राहणाऱ्या सगळ्यांना मात्र तो सहन होतो. चित्रपटातली सगळ्यात भयंकर गोष्ट माझ्या लेखी हीच. आणि त्यांच्याबरोबर अर्धा-पाऊण तास बसल्यावर आपणही त्या घरघरीकडे दुर्लक्ष करायला लागतो. हे लक्षात येतं त्या क्षणी अंगावर काटा येतो.

यानंतर 'द गिल्टी' पाहिला, 2018 चा डॅनिश चित्रपट, दिग्दर्शक गुस्ताव मोलर. पोलिसांच्या आपत्कालीन फोन कक्षात बसलेला एक अधिकारी आणि त्याला आलेला एका बाईचा फोन. तिला कुणीतरी गाडीतून पळवून नेतंय आणि शेजारी बसलेल्या माणसाला संशय येऊ नये म्हणून ती आपल्या लहान मुलीशी बोलत असल्याचं भासवते. हा तिला फक्त 'हो-नाही'त उत्तर देता येईल असे प्रश्न विचारतो. जेमतेम दीड तासाचा चित्रपट, कॅमेरा त्या दोन खोल्यांबाहेर जात नाही. गाडी, पाऊस, वायपर, फोनवरची घाबरलेली मुलगी हे सगळं आपणच मनात उभं करतो आणि ते किती ठाम उभं राहतं! चित्रपट नंतर त्या ठामपणालाच हात घालतो. याहून जास्त सांगत नाही.

'द कॉन्व्हर्सेशन' (1974) पुन्हा पाहिला. पाहिला नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या. फ्रान्सिस फोर्ड कोपोलाचा चित्रपट, जीन हॅकमन हेरगिरीसाठी लोकांची संभाषणं ध्वनिमुद्रित करणारा तज्ज्ञ. गर्दीच्या चौकात फिरणाऱ्या एका जोडप्याचं बोलणं तो टिपतो आणि टेप पुन्हा पुन्हा लावून त्यातलं एक वाक्य गोंगाटातून बाहेर काढतो. त्या वाक्यावरून त्याला वाटतं, या दोघांच्या जिवाला धोका आहे. शेवटी तेच वाक्य आपल्याला वेगळ्या सुरात ऐकू येतं आणि सगळी गोष्ट उलटी होते. ध्वनी आणि संकलन सांभाळणाऱ्या वॉल्टर मर्च यांनी तिथे खरोखरच त्या वाक्याचा दुसरा टेक (वेगळ्या सुरात पुन्हा बोलून घेतलेलं तेच वाक्य) वापरलाय. काहींना ही फसवणूक वाटते: टेप एकच, मग सूर बदलला कसा? मला ती जागा पूर्ण पटते. आपण पहिल्यापासून टेप ऐकतच नव्हतो, त्या माणसाच्या डोक्यात ती जशी वाजत होती तशी ऐकत होतो. अपराधाचं जुनं ओझं असलेला माणूस आहे तो. त्याला त्या जोडप्याला वाचवायचं होतं, म्हणून त्याला तसं ऐकू आलं.

'साउंड ऑफ मेटल'बद्दल थोडक्यात. श्रवणशक्ती गमावणारा ड्रमर, भूमिकेत रिझ अहमद. आपण कधी बाहेरून ऐकतो, कधी त्याच्या कानांतून. शस्त्रक्रियेनंतर उपकरणातून येणारा तो कर्कश, धातूसारखा आवाज ऐकून मी अक्षरशः कान झाकले. त्याने सगळं पणाला लावून काय मिळवलं ते एकाही संवादाशिवाय कळतं. बहिऱ्या लोकांच्या वस्तीतला मधला भाग सगळ्यात सुंदर आहे आणि तो आणखी लांबला असता तरी चाललं असतं.

आणि आपला 'फँड्री'. नागराज मंजुळेंचा हा 2013 चा चित्रपट पूर्वी पाहिला होता तेव्हा शेवटी कॅमेऱ्याच्या दिशेने भिरकावलेला दगड लक्षात राहिला होता, सगळ्यांच्याच राहतो. या वेळी राष्ट्रगीताच्या प्रसंगाने जास्त हलवलं. शाळेजवळ जब्याचं (चित्रपटाचा नायक, दलित शाळकरी मुलगा) कुटुंब डुकराच्या मागे धावतंय, धरायच्या बेतात आहे, आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जिथल्या तिथे उभे. डुक्कर मात्र निघून जातं. चित्रात फक्त थांबलेली माणसं आहेत. पण कानावर जे पडतंय आणि डोळ्यांना जे दिसतंय ते एकमेकांसमोर उभं केलंय, आणि त्यातून जे म्हणायचं ते म्हणून झालंय. त्याच्यावर एकही वाक्य खर्च केलेलं नाही. इतक्या कमी साधनांत इतकं मोठं विधान मी मराठीत फार कमी वेळा पाहिलंय.

आता न आवडलेले. 'अ क्वाएट प्लेस' (2018) अर्धा आवडला. आवाज केला की मरण, ही कल्पना जबरदस्त. मिलिसेंट सिमंड्स ही मुलगी स्वतः बहिरी आहे, आणि तिच्या बाजूने दृश्य दिसतं तेव्हा आवाज गळून पडतात ते क्षण अप्रतिम. पण बाकी वेळ पार्श्वसंगीत येऊन आता घाबरा, आता रडा असं सांगत राहतं. ज्या कथेत शांतता हाच जीव आहे तिथे तरी प्रेक्षकावर भरवसा ठेवायला हवा होता.

'द गिल्टी'ची 2021 ची अमेरिकी आवृत्ती मात्र पटली नाही. अँटोइन फ्युक्वा दिग्दर्शक, जेक जिलनहाल मुख्य भूमिकेत. तो गुणी नट आहे, मेहनतही दिसते. पण मूळ चित्रपटातला अधिकारी स्वतःला आवरत राहतो आणि आपण फोनकडे कान लावतो; इथे नायक इतका ओरडतो, धापा टाकतो की फोनवरचा माणूस मागे पडतो. त्यात भर म्हणून बाहेर वणवा पेटलाय आणि कक्षातल्या मोठमोठ्या पडद्यांवर तो दिसत राहतो. ज्या गोष्टीची ताकद न दाखवण्यात होती तिच्यात दाखवायला काहीतरी घालावंसं वाटलं, हे मला फार खटकलं. मूळ पाहिला नसेल त्यांना हीच आवृत्ती चांगली वाटू शकते, माझ्या काही मित्रांना वाटली.

तुम्हाला यातला एकच पाहायचा असेल तर डॅनिश 'द गिल्टी'पासून सुरुवात करा. लहान आहे, पकड घेतो, आणि ऐकायची सवय लावतो. 'झोन ऑफ इंटरेस्ट' त्यानंतर, पण फोनच्या स्पीकरवर अजिबात नको. चांगला हेडफोन लावा, एका बैठकीत पाहा, आणि सबटायटल वाचता वाचता मागच्या आवाजाकडे लक्ष असू द्या. पाहून झाल्यावर हेडविगची आई का गेली असं तुम्हाला वाटतं ते मला नक्की कळवा; माझं वरचं मत अनेकांना मान्य नाही आणि त्यावर वाद घालायला मला आवडेल.