मौना केआच्या शिखरावर स्वतः गाडी घेऊन जावं की सहलीवाल्यांबरोबर?

तुम्ही विचारलंय की हवाईला मौना केआच्या शिखरावर सूर्यास्त आणि मग तारे दाखवायचे माणशी अडीचशे डॉलर मागतात, सोबत आईवडील आहेत (६६ आणि ६१), तुम्हाला घाटात गाडी चालवायची सवय आहे, तर भाड्याची गाडी घेऊन स्वतःच गेलं तर काय बिघडलं?

"घाटात गाडी चालवायची सवय आहे" हे वाचलं आणि हातातला चहा खाली ठेवला. हेच वाक्य मी माझ्या जावयाला ऐकवलं होतं, आणि माझ्या तोंडी ते तुमच्यापेक्षा जास्त शोभत होतं. एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर. पसरणी, केळघर, आंबेनळी, कुंभार्ली, सगळीकडून पावसाळ्यात, धुक्यात, मुक्कामी गाडी नेली आणलीय. अपघात नाही. मुलगी कॅलिफोर्नियात असते, तिने आम्हा दोघांना बोलावलं आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात हवाई दाखवायला नेलं. जावयाने सहलीचा दर सांगितला तसा मी म्हणालो, "एवढे पैसे कुणाच्या तरी मागे बसायला द्यायचे? मी काय मेलोय का?" जावई गरीब माणूस. म्हणाला, "मामा, तुम्ही म्हणाल तसं."

तर दुपारी आम्ही आमच्याच भाड्याच्या गाडीने निघालो. जावई चालवत होता, मी शेजारी बसून सूचना देत होतो. हिलोहून निघालं की मौना केआ आणि मौना लोआ या दोन ज्वालामुखी डोंगरांच्या मधून जाणारा रस्ता आहे, अगदी गुळगुळीत. त्यावरून उजवीकडे वळून ९,२०० फुटांवर पर्यटकांसाठीचं ओनिझुका केंद्र लागतं. (एलिसन ओनिझुका म्हणजे १९८६च्या चॅलेंजर अपघातात गेलेले अंतराळवीर, याच बेटावरचे.) तिथपर्यंत डांबर आहे, कुणीही जावं. महाबळेश्वर साडेचार हजार फूट धरा, म्हणजे हे केंद्रच दोन महाबळेश्वरं एकावर एक ठेवल्यावर येतं आणि शिखर तीन. समुद्रापासून दोन-अडीच तासांत तीन महाबळेश्वरं! हा हिशोब तेव्हा माझ्या डोक्यात आला नव्हता.

केंद्राच्या पुढे रेंजर उभा. त्याने गाडीकडे पाहिलं आणि मान हलवली. चारही चाकांना जोर असलेलीच गाडी वर सोडतात, आमची नव्हती. मी त्याला मराठीत, हातवाऱ्यांसकट, एकतीस वर्षांची सेवा सांगितली. तो ऐकून घेत होता बिचारा. जावई लाल झाला. तेवढ्यात वरून एक पांढरी गाडी उतरली आणि आमच्या शेजारी येऊन थांबली, तिच्या पुढच्या चाकांतून धूर. आणि तो वास. ब्रेकचं लायनर जळाल्याचा वास ज्याने एकदा घेतलाय तो विसरत नाही. आंबेनळीत पर्यटकांच्या गाड्या सगळा उतार ब्रेकवर पाय ठेवून उतरतात आणि पोलादपूरच्या बाजूला बोनेट उघडून उभ्या असतात, तोच वास. गाडीतली बाई रडत होती, चालवणारा नवरा हसायचा प्रयत्न करत होता. मी रेंजरशी बोलणं थांबवलं. जावयाला म्हणालो, "कर बुकिंग."

रस्त्याचं सांगतो. केंद्राच्या वर साधारण आठ किलोमीटर खडी आणि माती, त्यावर लाटांसारख्या सुरकुत्या पडलेल्या. शेवटचा तुकडा पुन्हा डांबरी, का तर धूळ उडून दुर्बिणींच्या आरशांवर बसू नये म्हणून. चढ आपल्या घाटांपेक्षा खडा. चढताना काही नाही, हवा विरळ म्हणून इंजिन दमतं एवढंच. खरा खेळ उतरताना, आणि तोही दिवस मावळल्यावर, सगळ्या गाड्या एकदम निघाल्यावर. शिवाय भाड्याच्या गाडीचा करारनामा नीट वाचा. बहुतेकांत हा रस्ता वर्ज्य असतो. तिथे काही झालं तर विमा नाही, ओढून आणायचा खर्चही तुमचाच. म्हणजे अडीचशे वाचवायला जाऊन काय होऊ शकतं ते तुम्हीच बघा.

दोन दिवसांनी सहलीतून गेलो. चालवायला एक तरुण मुलगी, मूळची तिथलीच. मी मुद्दाम तिच्या मागच्याच सीटवर बसलो, चुका काढायला. केंद्रावर तिने सगळ्यांना तासभर थांबवलं, पाणी पाजलं, जेवायला घातलं. शरीराला विरळ हवेची ओळख व्हावी म्हणून. निदान अर्धा तास तरी थांबाच म्हणून सगळीकडे सांगतात. मी पाणी प्यायलो नाही. प्रवासात पाणी कमी प्यायची ड्रायव्हरांची सवय असते, तुम्हाला कारण कळेल. हिने पिशवीतून बाकरवडीचं पाकीट काढलं तर ते उशीसारखं टम्म फुगलेलं. ती मुलगी म्हणाली, वर अजून फुगेल, तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या साठ टक्केच आहे, आणि तुमचं डोकंही तसंच पाकीट आहे. जावयाने भाषांतर करून सांगितलं. सगळे हसले. मी नाही हसलो.

वर पोचलो तर खाली ढगांची गादी. ढग तिथे एका उंचीवर अडतात आणि शिखर त्यांच्या वर मोकळं राहतं, म्हणून तर जगातल्या मोठमोठ्या दुर्बिणी तिथे आहेत. केक नावाच्या वेधशाळेच्या दोन दुर्बिणींचा एकेक आरसा दहा मीटरचा, म्हणजे आपल्या लाल गाडीच्या लांबीला लागत आलेला, आणि तोही छत्तीस षटकोनी तुकडे जोडून केलेला. आजूबाजूला राखेच्या टेकड्या, वीटभट्टीच्या रंगाच्या. गवताची काडी नाही. सूर्य ढगांत बुडत होता तिकडे सगळ्यांची तोंडं, पण ती मुलगी म्हणाली, मागे वळून बघा. पूर्वेला, ढगांवर, डोंगराची स्वतःची सावली पडली होती. निळसर, अगदी सरळ कडांचा त्रिकोण, आणि तो लांब लांब होत चाललेला. ते नीट दिसावं म्हणून मी पळत, हो पळत, पन्नास पावलं चढलो.

आणि तिथेच ओकलो.

एकतीस वर्षांत किती लोकांना मी खिडकीतून ओकताना आरशात पाहिलं असेल! "ओ मावशी, आधी सांगायचं ना" असं किती वेळा खेकसलो असेन. आता मी दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून, कपाळात घण पडतायत, आणि ही मागून म्हणतेय, "अहो, आलेपाक देऊ का?" त्या मुलीने मला गाडीत बसवलं, बोटाला ते ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं, पाणी घोट घोट प्यायला लावलं. प्राणवायूचं नळकांडंही होतं तिच्याकडे, पण गरज पडली नाही. या त्रासावर खरं औषध एकच, खाली उतरणं. आणि उतरताना तिने जी गाडी उतरवली! खालचा गिअर टाकला तो केंद्र येईपर्यंत काढला नाही. इंजिन गुरगुरतंय, गाडी जणू दोरी धरून उतरवल्यासारखी, ब्रेकला नुसता स्पर्श. मी डोळे मिटून आवाजच ऐकत होतो. आमच्या डेपोतल्या निम्म्या पोरांना असं उतरवता येत नाही. केंद्रावर पोचेपर्यंत डोकं उतरलं होतं. मी तिला सलाम केला, डेपोत करायचो तसा. तिला कळला.

आता ताऱ्यांचं. पुष्कळांची समजूत असते की तारे शिखरावरून बघायचे. नाही. सूर्य मावळून अर्धा तास झाला की शिखर रिकामं करतात, सहलीवाल्यांनाही थांबू देत नाहीत. आणि थांबून उपयोगही नाही, कारण प्राणवायू कमी पडला की डोळ्यांनाच अंधारात कमी दिसतं. नऊ हजार फुटांवर उलट जास्त तारे दिसतात. जावईबापू वर अंधार व्हायची वाट बघत होते, त्यांना हे पटायला वेळ लागला. पटलं तेव्हा मात्र मान खाली येईना. जूनमध्ये आठ-सव्वाआठला दक्षिणेला मौना लोआच्या काळ्या पाठीवर त्रिशंकू अगदी उभा असतो, आणि स्वाती डोक्यावर येत असते. स्वातीला तिथले लोक होकुलेआ म्हणतात, आनंदाचा तारा. त्यांचे पूर्वज होड्यांतून यायचे तेव्हा हा तारा बरोबर डोक्यावर आला की आपल्या बेटांच्या रेषेत आलो हे ओळखायचे.

इथेच आमच्या साडूंचा विषय निघतो. ते साताऱ्यातच असतात, भूगोलाचे निवृत्त शिक्षक, आम्ही गुरुजीच म्हणतो. परत आल्यावर कौतुकाने सांगायला गेलो तर त्यांनी नकाशाच काढला. मौना केआ १९.८ अक्षांश, सातारा १७.७. "म्हणजे तेच आकाश! उलट त्रिशंकू आपल्याकडून दोन अंश वर दिसतो. स्वातीही आपल्या डोक्यावरूनच जाते. मे महिन्यात यवतेश्वराच्या वर जाऊन फुकट बघायचं होतं. आणि ज्वालामुखीच म्हणाल तर हा अजिंक्यताऱ्याचा डोंगर काय शाडूचा आहे?" सगळं खरं आहे. आपला दगडही लाव्हाच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, भेगांतून आलेला, थरावर थर. मौना केआचा शेवटचा उद्रेक साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. गुरुजी पुस्तकाने बरोबर आहेत.

पण मी त्यांना तेव्हा विचारायला हवं होतं ते आता इथे विचारतो: गुरुजी, पन्नास वर्षांत तुम्ही स्वतः रात्री यवतेश्वराच्या वर किती वेळा गेलात? मी सांगतो. एकदाही नाही. मी गेलो, परत आल्यानंतरच्या हिवाळ्यात, कासच्या वाटेवर गाडी लावून. तारे होते, पण खाली साताऱ्याचा पिवळा उजेड, रस्त्याकडेच्या हॉटेलांचे फोकस, आणि दर दहा मिनिटांनी हॉर्न वाजवत जाणारी टोळकी. त्या बेटावर दुर्बिणींसाठी रस्त्यावरच्या दिव्यांनाही नियम आहेत. आकाश तेच असेल, अंधार तो नाही.

आणखी एक गोष्ट. तिथल्या लोकांना तो डोंगर देवाचा आहे. सर्वांत उंच टेकडीवर चढू नका म्हणून सांगतात, ते ऐका. तीस मीटरच्या नव्या दुर्बिणीला, जिच्यात आपला देशही भागीदार आहे, २०१९ साली तिथले म्हातारे रस्त्यावर बसून आडवे आले. शास्त्रज्ञांचं बरोबर असेल, पण कोयनेच्या धरणग्रस्तांना पाहिलेल्या माणसाला त्या म्हाताऱ्यांकडे बोट दाखवता येत नाही.

आईवडिलांचं राहिलंच. हृदयाचा, फुप्फुसाचा त्रास किंवा फार रक्तदाब असेल तर वर नेऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा. सहलीवाले स्वतःही विचारतात, तेव्हा लपवू नका. १३ वर्षांखालची मुलं आणि गरोदर बाई यांनाही वर नेऊ नये म्हणतात. आदल्या दिवशी कुणी समुद्रात स्कूबा (हवेची टाकी लावून बुडी) केलं असेल तर चोवीस तास जाऊ द्या. आईवडील केंद्रापर्यंतच आले तरी तारे त्यांना तेवढेच दिसतील, हुकेल ती फक्त सावली. तारीख ठरवताना पंचांग बघा, अमावस्येच्या आसपासची घ्या, आम्हाला ते निव्वळ योगायोगाने मिळालं. आणि जाडी जॅकेटं सहलीवालेच देतात, पण आईंचं माप आधी कळवा. आमच्या हिला सगळ्यात लहान दिलं तेही गुडघ्याखाली आलं. शिखरावरच्या एकुलत्या एक फोटोत जॅकेट उभं आहे आणि वर थोडंसं कुंकू दिसतंय.